एका वाक्याचा इतिहास : संस्था टिकेल की नाही, हे सांगायचे कोणी?

मराठीत ‘दिवाळी’ आणि ‘दिवाळे’ हे शब्द अगदी शेजारी राहतात. दिवाळीत व्यापारी नव्या वहीची पूजा करतो आणि जुन्या वहीत ज्याचे देणे आवाक्याबाहेर गेले त्याचे दिवाळे निघते. या दुसऱ्या शब्दामागे एक चाल सांगितली जाते. देणी फेडणे अशक्य झाले की पेढीवाला भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवी. येणाराजाणारा काय ते समजून घेई. ही चाल किती पेठांत, किती काळ पाळली गेली हा वेगळा विषय आहे. तिच्यातली कल्पना मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे. ‘मी आता पुढे चालू शकत नाही’ हे जगाला सांगण्याची जबाबदारी पेढीच्या मालकावरच होती.

कंपनी नावाची व्यवस्था आली आणि हा दिवा लावायचा कोणी, असा प्रश्न उभा राहिला. मालक म्हणजे विखुरलेले हजारो भागधारक. कारभार संचालकांच्या हाती. पैसा बँकेचा, ठेवीदारांचा आणि माल उधार देणाऱ्यांचा. बुडाल्यास कोणाच्याही घरावर जप्ती यायची नाही, कारण दायित्व मर्यादित. अशा संस्थेत दिवा लावण्याची घाई कोणालाच नसते. दीडशे वर्षांच्या ओढाताणीनंतर हे काम अंशतः एका बाहेरच्या माणसाकडे आले. तो म्हणजे लेखापरीक्षक, आपल्या बोलीत ऑडिटर. त्याने हे काम करायचे ते वार्षिक अहवालातल्या एका वाक्यात. ‘ही संस्था पुढे चालू राहण्याच्या क्षमतेविषयी लक्षणीय शंका निर्माण होऊ शकते, अशी महत्त्वाची अनिश्चितता आहे’, अशा अर्थाचे ते वाक्य असते. त्याचाच हा इतिहास.

कळससारख्या गावात बसून हा इतिहास का शोधावा, असे कोणाला वाटेल. इंदापूर-बारामतीच्या या पट्ट्यात जवळच वालचंदनगर आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी कळंबच्या माळावर वसवलेले ते कंपनीचे गाव. भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगर, बिजवडी, शहाजीनगर ही सहकारी साखर कारखान्यांची ठिकाणेही याच दोन तालुक्यांत. इथल्या बहुतेक घरांत ट्रंकेच्या तळाशी कारखान्याच्या शेअरचा दाखला, पतसंस्थेची ठेवपावती किंवा एखाद्या कंपनीतल्या नोकरीचा कागद असतो. त्या कागदाची किंमत ती संस्था पुढच्या वर्षी चालू राहणार की नाही यावर ठरते. तेव्हा हे वाक्य आपल्या घरातलेच आहे.

चालू कारखाना आणि भंगार

आधी एक हिशेब समजून घेऊ. समजा, एका कारखान्याने १०० कोटी रुपयांची यंत्रे घेतली आणि ती वीस वर्षे चालतील असे धरले. दरवर्षी ५ कोटींची घट, म्हणजे घसारा. आठ वर्षांनंतर ताळेबंदात यंत्रांची किंमत ६० कोटी दिसेल. देणी ५५ कोटी असतील, तर कारखाना ५ कोटींनी वर आहे असे कागद सांगेल.

ही ६० कोटींची किंमत खरी कधी? अजून बारा वर्षे दर हंगामात बॉयलरचे अग्निप्रदीपन होणार असेल, गव्हाणीत मोळी पडणार असेल आणि गाळप चालणार असेल, तर. कारखाना उद्या बंद पडला तर तीच यंत्रे भंगाराच्या भावाने जातील. त्यांचे १० कोटी आले असे धरा. देणी ५५ कोटीच राहतील. काल ५ कोटींनी वर असलेली संस्था आज ४५ कोटींनी खाली गेली. एक स्क्रूही हललेला नाही. बदलले ते फक्त ‘संस्था चालू राहील’ हे गृहीतक.

हिशेबशास्त्रात याला ‘गोइंग कन्सर्न’ म्हणतात, मराठीत ‘चालू संस्था’ म्हणू. १८९२ साली लॉरेन्स डिक्सी या इंग्रज लेखापालाचा लेखापरीक्षणावरचा ग्रंथ निघाला, तेव्हापासून ही कल्पना या शास्त्रात पक्की होत गेली. भारतात तिला लेखी रूप बरेच उशिरा मिळाले. इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्सने १९७९ साली पहिले लेखा-मानक काढले. त्यात तीन मूलभूत गृहीतके सांगितली : संस्था चालू राहील, हिशेबाच्या पद्धतीत सातत्य राहील, आणि उत्पन्न-खर्च रोखीच्या दिवशी नव्हे तर ते उद्‌भवले त्या काळात धरले जातील. ही गृहीतके पाळली असतील तर तसे सांगण्याची गरज नाही, पाळली नसतील तर मात्र सांगायचे, असा नियम झाला. म्हणजे ताळेबंद गप्प असेल तर ‘संस्था चालू आहे’ असे आपण समजायचे. मौनालाच अर्थ आला, आणि मौन कधी मोडायचे हा प्रश्न कळीचा झाला.

मुंबई, १८६५

हे मौन किती महाग पडते, याचा मोठा धडा मुंबईने लेखापरीक्षणाचा कायदा येण्यापूर्वीच घेतला होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तिथला कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. पैशाचा पूर आला आणि त्याबरोबर कंपन्यांचा. बँका, वित्तसंस्था, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या. बॅक बे रेक्लमेशन कंपनीच्या शेअरवर तर शहर वेडे झाले. मर्यादित दायित्वाचा कायदा भारतात १८५७ साली आला होता आणि १८६० पासून बँकांनाही तो लागू झाला होता. बुडालो तरी घर वाचते, हे नवे होते.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले आणि कापसाचा भाव कोसळला. वायद्याचे सौदे १ जुलै १८६५ रोजी पुरे करायचे होते. तो दिवस मुंबईच्या व्यापारी इतिहासात काळा दिवस म्हणून राहिला. या साऱ्या उलाढालीच्या मध्यभागी असलेले प्रेमचंद रायचंद १८६६ मध्ये दिवाळखोर झाले. विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला तेच हे प्रेमचंद.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती बँक ऑफ बॉम्बे. १८४० साली स्थापन झालेली ही बँक साधी खासगी पेढी नव्हती, सरकारही तिचे भागधारक होते. १८६३ च्या नव्या कायद्याने शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. तारण म्हणून ठेवलेले शेअर कोसळले, तेव्हा बँकेचे भांडवल त्यांच्याबरोबर गेले. तरीही बँक लगेच थांबली नाही. ती चालत राहिली आणि लोक तिच्याशी व्यवहार करत राहिले. १८६८ मध्ये ती गुंडाळून नवी बँक उभारावी लागली. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग बसला. त्याने १८६३ च्या कायद्यातल्या ढिलाईवर, चिटणिसांच्या कारभारावर आणि संचालकांच्या बेपर्वाईवर बोट ठेवले. दिनशा वाच्छांनी पुढे १९१० साली या काळावर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले.

१८६५ च्या पडझडीपासून १८६८ पर्यंतचा काळ म्हणजे ज्या दिव्याची आपण गोष्ट करतो आहोत, तो न लागलेला काळ. भांडवल गेल्याचे आतल्यांना कळत होते. बाहेरच्यांना ते अधिकारवाणीने सांगणे हे कोणाचेच काम नव्हते.

खोडलेले शब्द

लंडनमध्ये १८९२ साली असा माणूस होता. त्याचे नाव थिओबाल्ड. लंडन अँड जनरल बँकेचा तो लेखापरीक्षक. ही बँक जेबेझ बाल्फोर या खासदाराच्या संस्थांच्या जाळ्यातली एक. बँकेने मोजक्या आणि एकमेकांत गुंतलेल्या मंडळींना मोठी कर्जे दिली होती आणि त्यांची वसुली संशयास्पद होती.

थिओबाल्डला हे समजले होते. त्याने संचालकांना सविस्तर अहवाल लिहिला. यंदा लाभांश देऊ नये, असे स्पष्ट मतही त्यात होते. बाल्फोरच्या आग्रहावरून ते मत खोडले गेले. भागधारकांसाठी लिहिलेल्या दाखल्यात त्याने म्हटले होते की, मालमत्तेची ताळेबंदातली किंमत वसुलीवर अवलंबून आहे, आणि याबाबत आम्ही संचालक मंडळाला स्वतंत्र अहवाल दिला आहे. त्यातला शेवटचा भागही काढला गेला. भाषणात मी त्याचा उल्लेख करीन, असे बाल्फोरने सांगितले. त्याने तो केलाही, पण कोणाच्या लक्षात येणार नाही असा. भागधारकांच्या हाती उरले ते एवढेच : किंमत वसुलीवर अवलंबून आहे. कोणत्याही बँकेबद्दल म्हणता येईल असे हे वाक्य. लाभांश वाटला गेला. त्याच वर्षी बाल्फोरचा डोलारा कोसळला. तो अर्जेंटिनाला पळाला आणि शेवटी तुरुंगात गेला.

१८९५ मध्ये अपील कोर्टाने थिओबाल्डला जबाबदार धरले. न्यायमूर्ती लिंडली यांचा मुद्दा असा की, ज्याचे काम माहिती देण्याचे आहे त्याने वाचणाऱ्याला चौकशी करावीशी वाटेल एवढी चुणूक देऊन भागत नाही. माहिती द्यायची तर ती द्यावीच लागते. पुढच्याच वर्षी किंग्स्टन कॉटन मिलच्या खटल्यात न्यायमूर्ती लोप्स यांनी दुसरी बाजू मांडली. लेखापरीक्षक हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. संशयाचे कारण दिसत नसेल, तर प्रत्येक माणूस चोर आहे असे धरून त्याने चालायचे नाही.

हे दोन निकाल या पेशाच्या दोन भिंती आहेत. एक सांगते की दिसले तर स्पष्ट बोल. दुसरी सांगते की दिसत नसेल तर तुझा दोष नाही. त्यानंतरचा सगळा इतिहास ‘दिसले होते का’ आणि ‘बोलला ते स्पष्ट होते का’ या दोन प्रश्नांभोवती फिरतो. थिओबाल्डचे वाक्य खोटे नव्हते, ही यातली बोचणारी गोष्ट आहे. ते खरे होते आणि निरुपयोगी होते.

ठळक अक्षरे

भारतात १९१३ च्या कंपनी कायद्याने लेखापरीक्षण सक्तीचे केले आणि लेखापरीक्षकाला पात्रतेची अट घातली. पात्र माणसे तयार करण्यात मुंबई पुढे होती. सिडनहॅम कॉलेज त्याच साली निघाले आणि १९१८ पासून मुंबई सरकारची अकाउंटन्सीची पदविका सुरू झाली. १९४९ मध्ये चार्टर्ड अकाउंटंट्स कायदा झाला आणि १ जुलैला इन्स्टिट्यूट अस्तित्वात आली. १९५६ चा कंपनी कायदा त्यानंतरचा. या साऱ्या काळात लेखापरीक्षकाने सांगायचे ते मुख्यतः मागच्या वर्षाबद्दल : हिशेब खरे आणि यथायोग्य चित्र दाखवतात की नाही. पुढच्या वर्षाबद्दल बोलणे ज्योतिषाचे काम मानले जाई.

१९८० च्या दशकाने हे बदलले. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या अनेक गिरण्यांचे धुराडे कायमचे थंड झाले. ‘आजारी उद्योग’ हा शब्द रोजच्या बातम्यांत आला. १९८५ मध्ये संसदेने आजारी औद्योगिक कंपन्यांचा कायदा केला आणि १९८७ पासून त्याखालचे पुनर्रचना मंडळ, म्हणजे बीआयएफआर, काम करू लागले. साचलेला तोटा नक्त मूल्याइतका किंवा त्याहून जास्त झाला की कंपनी आजारी. निम्मे नक्त मूल्य खाल्ले गेले तर संचालकांनी भागधारकांची सभा बोलावून ते सांगायचे. दिवा लावण्याची वेळ प्रथमच आकड्यांत बांधली गेली.

या मंडळापुढे आलेली कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज आठवण्यासारखी आहे. १९८५ मध्ये कारखाना बंद पडला. कामगारांनी सहकारी संस्था काढून तो चालवायची योजना मांडली आणि १९८८ मध्ये ती मान्य झाली. मालकांच्या दृष्टीने संपलेली संस्था कामगारांच्या दृष्टीने चालू होती. ‘चालू’ हे विशेषण यंत्राला नव्हे, ते चालवायला कोण तयार आहे याला लागते, हे इथे दिसले.

एरवी आजारपणाचा दाखला ही अनेक कंपन्यांसाठी ढाल झाली. मंडळाकडे प्रकरण गेले की वसुली थांबे. वर्षे जात, यंत्रे गंजत, कामगार वाट पाहत. हा कायदा १ डिसेंबर २०१६ पासून संपला आणि त्याची जागा नव्या दिवाळखोरी संहितेने घेतली.

दरम्यान त्या वाक्याने आकार घेतला. चालू संस्थेविषयीचे लेखापरीक्षणाचे स्वतंत्र मानक इन्स्टिट्यूटने काढले आणि ते एप्रिल १९९९ पासूनच्या हिशेबांना लागू झाले. २००० च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात एक मजेशीर वाटणारी, पण फार अर्थपूर्ण तरतूद आली. कंपनीच्या कामकाजावर प्रतिकूल परिणाम करणारे शेरे लेखापरीक्षकाने ठळक किंवा तिरक्या अक्षरांत छापावेत. संसदेला टाइपाचा जाडपणा ठरवावा लागला, कारण शंभर पानांच्या अहवालात वाक्य लपवता येते, हे सर्वांना ठाऊक होते. बाल्फोरच्या भाषणातली युक्ती शंभर वर्षांनंतरही जिवंत होती. त्याच सुमारास संचालकांनाही लिहून द्यावे लागू लागले की हिशेब चालू संस्था या तत्त्वावर केले आहेत.

आज मानक क्रमांक ५७० नुसार लेखापरीक्षकापुढे ढोबळ चार वाटा असतात. शंका नसेल तर गप्प राहायचे. शंका गंभीर आहे, पण कंपनीने ती टिपणीत प्रामाणिकपणे मांडली आहे, अशा वेळी मत स्वच्छ ठेवून वेगळ्या मथळ्याखाली त्या अनिश्चिततेकडे लक्ष वेधायचे. कंपनीने ती नीट मांडली नसेल तर सशर्त किंवा प्रतिकूल मत द्यायचे. आणि संस्था चालू राहणारच नाही हे उघड असताना चालू धरून हिशेब केले असतील, तर टिपणी कितीही लांब असो, प्रतिकूलच मत द्यायचे. शंका कशावरून घ्यायची, याची लक्षणेही मानकात दिली आहेत : उणे नक्त मूल्य, मुदतीत न फिटलेली कर्जे, थकलेले पुरवठादार, रोखीची ओढ, महत्त्वाची माणसे सोडून जाणे, कच्च्या मालाचा तुटवडा.

२०२१-२२ पासून आणखी एक पाऊल पडले. ताळेबंदाच्या तारखेला असलेली देणी वर्षभरात जसजशी देय होतील तसतशी कंपनी फेडू शकेल का, याविषयी अनिश्चितता आहे किंवा नाही, ते लेखापरीक्षकाने सांगायचे. आता मौनाची सोय उरली नाही. यावर लेखापरीक्षकांनी एक पुस्ती जोडायला सुरुवात केली : हे कंपनीच्या भविष्यातील टिकावाचे आश्वासन नव्हे. पुस्ती बरोबरच आहे. पण एका हाताने सांगितलेले दुसऱ्या हाताने झाकण्याची ही सवय वाचकाने ओळखून ठेवावी.

बोलले ते आणि न बोलले ते

वाक्याचा उपयोग होतो का? मुंबईतलीच उदाहरणे घेऊ. जेट एअरवेजने एप्रिल ते जून २०१८ या तिमाहीचे निकाल आधी पुढे ढकलले आणि २७ ऑगस्टला जाहीर केले. तोटा होता १,३२३ कोटी रुपये. लेखापरीक्षकांनी चालू संस्थेबद्दलची शंका नोंदवली होती. १७ एप्रिल २०१९ रोजी शेवटचे विमान उतरले. मध्ये जवळजवळ आठ महिने होते. ज्यांनी वाक्य वाचले आणि ज्यांना त्याप्रमाणे वागता आले, त्यांना सावध व्हायला वेळ मिळाला. पगाराची वाट पाहणाऱ्या तंत्रज्ञाला ते वाचून काय करता येणार होते? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी गुंडाळण्याचा आदेश दिला. किंगफिशरच्या बाबतीतही २०१०-११ च्या अहवालात लेखापरीक्षकांचा इशारा होता, विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली.

उलट उदाहरण आयएल अँड एफएसचे. मुंबईत मुख्यालय असलेल्या या वित्तसमूहाचे पतमानांकन कोसळण्याच्या काही आठवडे आधीपर्यंत सर्वोच्च होते. २०१८ च्या मध्यापासून हप्ते चुकू लागले आणि १ ऑक्टोबरला सरकारला संचालक मंडळ बदलावे लागले. ९० हजार कोटींहून अधिक कर्जाचा हा समूह. ज्यांनी धोक्याची घंटा वाजवायची त्यांनी ती का वाजवली नाही, याची चौकशी मग वर्षानुवर्षे चालली. इंग्लंडमध्ये कॅरिलियन या बांधकाम कंपनीचे तसेच झाले. मार्च २०१७ मध्ये हिशेबांवर स्वच्छ सही, जुलैमध्ये ८४.५ कोटी पौंडांची तरतूद आणि जानेवारी २०१८ मध्ये कंपनी संपली.

लेखापरीक्षक का बोलत नाही, याची दोन कारणे आहेत आणि ती वेगवेगळी तोलली पाहिजेत. पहिले सरळ स्वार्थाचे. ज्याच्याबद्दल शंका घ्यायची, त्याच्याच शिफारशीवर पुढच्या वर्षीचे काम आणि मोबदला अवलंबून असतो. त्यावर उपाय म्हणून ठरावीक वर्षांनी लेखापरीक्षक बदलण्याची सक्ती आली, २०१८ मध्ये राष्ट्रीय नियामक प्राधिकरण आले. दुसरे कारण अधिक अवघड आहे. शंका बोलून दाखवली की ती खरी होऊ लागते. वाक्य छापून आले की बँक कर्ज आवरते, पुरवठादार रोख मागतो, चांगले कामगार दुसरीकडे अर्ज करतात. कदाचित तरली असती अशी संस्था त्या वाक्यानेच बुडते. डॉक्टरने रोग सांगितल्याने रोग वाढत नाही. इथे वाढतो.

आपल्या गावातला ‘वर्ग’

आता सहकाराकडे येऊ. इथे हा पेच सर्वांत तीव्र आहे, पण त्याची चर्चा सर्वांत कमी होते. सहकारी संस्थेचे लेखापरीक्षण कंपनीपेक्षा जुन्या आणि वेगळ्या वाटेने आले. १९०४ च्या सहकारी कायद्यापासून ते निबंधकाचे, म्हणजे सरकारचे काम होते. महाराष्ट्राच्या १९६० च्या अधिनियमात कलम ८१ ने तेच पुढे चालवले. साखर कारखान्यांसाठी सरकारचे विशेष लेखापरीक्षक असत. या पद्धतीत शंकेचे वाक्य नव्हते, तिथे अक्षर होते. संस्थेला अ, ब, क, ड असा ऑडिट वर्ग मिळे, आजही मिळतो. वार्षिक सभेच्या अहवालात ‘ऑडिट वर्ग अ’ अशी ओळ असली की सभासद समाधानाने जेवायला उठतो.

हे अक्षर गावच्या माणसाला समजते, ही त्याची ताकद. इंग्रजी तिरक्या अक्षरांतल्या परिच्छेदापेक्षा ते हजारपट बोलके आहे. त्याची मर्यादाही तिथेच आहे. वर्ग मागच्या वर्षीच्या कारभाराला मिळतो : दप्तर नीट आहे का, नियम पाळले का, वसुली कशी आहे, दोषदुरुस्ती झाली का. पुढच्या हंगामात मोळी पडेल का, याचे उत्तर अक्षरात नसते. वर्ग म्हणजे प्रगतिपुस्तक. शंकेचे वाक्य म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी. दोन्ही कागद वेगळे, आणि एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही.

साखर कारखान्याचा प्राण रोखीच्या साखळीत असतो. हंगामापूर्वी पूर्वहंगामी कर्ज घ्यायचे, त्यातून ऊसतोड टोळ्यांची उचल आणि यंत्रांची दुरुस्ती करायची. साखर झाली की पोती तारण ठेवून माल तारण कर्ज उचलायचे, त्यातून शेतकऱ्याचे बिल द्यायचे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. नक्त मूल्य उणे झाले की बँक हात आखडते, मग सरकारी हमीची धावाधाव सुरू होते. पहिली कडी तुटली की पुढच्या सगळ्या तुटतात. लेखापरीक्षकाने जुलैत ‘टिकाव धरण्याविषयी शंका’ असे लिहिले, तर ऑक्टोबरचे कर्ज अडेल. त्याने लिहिले नाही, तर नोव्हेंबरात शेतकरी अठरा महिने वाढवलेला ऊस निश्चिंत मनाने त्या गव्हाणीत घालेल. लिहिण्याचीही किंमत आहे, न लिहिण्याचीही. फरक एवढाच की लिहिण्याची किंमत सगळे वाटून घेतात आणि न लिहिण्याची किंमत शेवटी ऊस घालणाऱ्याच्या एकट्याच्या अंगावर येते.

कर्ज देणाऱ्या संस्थाही यातून सुटल्या नाहीत. कारखान्यांना कर्जपुरवठा करणाऱ्या राज्य सहकारी बँकेवर मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या सूचनेवरून प्रशासक आले. त्याआधी नाबार्डच्या तपासणीत बँकेचेच नक्त मूल्य उणे निघाले होते. कर्ज थकलेल्या कारखान्यांचे जप्ती आणि विक्रीचे प्रसंग राज्यात अनेक ठिकाणी आले. सभासदाला कारखाना गेल्याचे कळले ते बहुधा विक्रीच्या नोटिशीतून.

सत्त्याण्णवाव्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०१३ मध्ये सहकार कायदा बदलला. आता वार्षिक सभा सरकारी नामिकेतून लेखापरीक्षक निवडते. गैरव्यवहार दिसला तर फौजदारी तक्रार करण्याची जबाबदारीही त्याच्यावर आहे. नामिकेत चार्टर्ड अकाउंटंटही असतात आणि त्यांना त्यांच्या पेशाची मानके सहकारी संस्थेतही लागू आहेत. म्हणजे शंकेचे वाक्य लिहिण्याची वाट इथेही मोकळी झाली आहे. पण निवड सभेने करायची, आणि सभा कोण चालवते हे सांगायला नको. थिओबाल्डचा पेच लंडनहून चावडीपर्यंत आला आहे.

कंपनीच्या जगात वाक्य आहे, पण ते वाचणारा गावकरी नाही. सहकाराच्या जगात वाचणारा आहे, पण त्याच्यापुढे फक्त अक्षर आहे. या दोहोंची गाठ घालणे फारसे अवघड नाही. ऑडिट वर्गाच्या शेजारी मराठीत तीन ओळी छापता येतील : नक्त मूल्य किती, मागच्या वर्षीपेक्षा वाढले की घटले, पुढच्या बारा महिन्यांत फेडायची देणी किती आणि ती कशातून फेडणार, याबाबत लेखापरीक्षकाला शंका आहे का, असल्यास कोणती. शंका वेळेवर, सर्वांना एकाच वेळी आणि समजेल अशा भाषेत सांगितली, तर घबराट कमी होते. आतल्यांना आधी कळणे आणि बाहेरच्यांना शेवटी कळणे, यातूनच खरी धावपळ होते. १८६५ ची मुंबई त्याची साक्ष देते.

तोपर्यंत सभासदाच्या हाती एक साधे साधन आहे. वार्षिक सभा कायद्याने ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेत पाऊस, भाव आणि राजकारण यांवर भरपूर बोलणे होते. त्यात एक प्रश्न लेखापरीक्षकाला उद्देशून विचारावा आणि त्याचे उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे : “पुढच्या वर्षीही ही संस्था आपली देणी देऊ शकेल, याविषयी तुम्हाला काही शंका आहे का?” थिओबाल्डला हा प्रश्न भर सभेत कोणी विचारला असता, तर खोडलेले शब्द त्याला तोंडाने बोलावे लागले असते.